शेजारची भिंत

मी बर्फ पाहिलेला नाही.
फ्रीजरच्या कडेला साठलेला, सुरीनं खरवडलेला तेवढा,
आणि मिरजेच्या स्टेशनबाहेर
लाकडाच्या भुशात झाकलेल्या लाद्या.
तरी सांगलीत, विश्रामबागेच्या एका दुसऱ्या मजल्यावर,
खाली खताचं दुकान, वर आमचे सहा संगणक,
मी गेली नऊ वर्षं बर्फाचं वजन मोजते.

एकसारखा पडला तर तो सोपा.
दर चौरस मीटरला इतका, गुणिले क्षेत्रफळ,
चहा येईस्तोवर उत्तर.
पण वारा त्याला उंच छपरावरून उचलतो,
कडेपर्यंत ढकलत आणतो,
आणि भिंतीच्या आडोशाला उतरताच
स्वतःच मंदावतो. हातातलं तिथंच सुटतं.
खालच्या बुटक्या छपरावर
भिंतीला टेकून एक त्रिकोण चढत जातो,
भिंतीपाशी पुरुषभर,
पुढे उतरत उतरत काहीच नाही.
सरासरी काढली तर बरोबर येते.
छप्पर सरासरीनं मोडत नाही.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं.

पलूसच्या पुढे, साखर कारखान्याच्या कॉलनीत
आमचे तात्या, पायगोंडा, बगॅस यार्डाचे मुकादम.
त्या वर्षी बॉयलरची नवी इमारत उठली,
स्टोअरच्या जुन्या पत्र्याच्या शेडला खेटून.
शेडला कुणी बोट लावलं नव्हतं.
तेच खांब, त्याच कैच्या, तोच गंज.
फाल्गुनात वारं फिरलं
आणि चिपाडाचा भुसा उडू लागला,
पिवळट, फुंकरीनं जाईल असा,
उडून नेमका त्या भिंतीच्या कुशीत.
वरच्या पाइपातून दिवसभर पाणी ठिबकायचं.

चीफसाहेब म्हणाले, भुसाच तर आहे.
तात्या म्हणाले,
"वारं दमलं की वझं टाकतंय, सायेब.
आता त्येला भिंत बांधून दिलीया तुमी."
सगळे हसले. तात्याही थोडे.

रात्रपाळीत भिंतीकडच्या दोन कैच्या बसल्या.
आवाज कॉलनीपर्यंत आला,
मला वाटलं ट्रॉली उलटली.
वॉचमन इलाही नायकवडी
तेवढ्यात तंबाखू मागायला यार्डात गेला होता, म्हणून.
त्यानं पुढे तंबाखू कधी सोडली नाही.

आज समोर एका शाळेचा नकाशा आहे.
गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
नवं व्यायामगृह, उंची नऊ मीटर.
त्याला लागून जुनं ग्रंथालय, चार मीटर,
नकाशात नुसती तुटक रेघ:
अस्तित्वातील इमारत, कामात समाविष्ट नाही.
व्यायामगृह पास होतं. पडद्यावर सगळं हिरवं.

मी तुटक रेघेवर त्रिकोण काढते.
भिंतीपाशी पावणेदोन मीटर, लांबी सात.
सोबत आलेल्या फोटोत
त्याच भिंतीलगत मुलांसाठी बैठक केलीय,
लाल उशा, एक विसरलेला हातमोजा.

"त्रिशला, ते आपल्याकडे नाही,"
बोंद्रे सर खुर्ची न वळवता म्हणतात. "बिलात नाही."
नाहीच आहे.
मी तरी कोपऱ्यात टीप लिहिते:
नव्या भिंतीमुळे शेजारच्या जुन्या छपरावर भार वाढतो.
ते तपासल्याशिवाय भिंत चढवू नये.

सहा चाळीसला सर उठून माझ्यामागे उभे राहतात.
खाली दुकानात पोती उतरवतायत,
एकेक थाप जिन्यातून वर येते.
सर टीप वाचतात. परत वाचतात.
त्या वाढलेल्या छपराचा हिशेब कुणी विचारला
तर किती दिवस जातील, ते मोजत असावेत.
मग वाकून
एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करतात
आणि म्हणतात, पाठव.